विंडोजमध्ये माझा कीबोर्ड हुक थोड्या वेळाने आपोआप बंद का पडतो?

बहुधा तुमचा कॉलबॅक, म्हणजे की दाबली की विंडोज तुमचं जे फंक्शन बोलावतं ते, उशिरा परत येतोय म्हणून विंडोज हुक (की पकडायला लावलेला सापळा) गुपचूप काढून टाकतं. लो-लेव्हल हुकला, म्हणजे तुमच्याच प्रोग्रॅममध्ये चालणाऱ्या हुकला, वेळेची मर्यादा असते, विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद, ती ओलांडत राहिलात की हुक जातो आणि प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही, हे खरंच वाईट आहे. मी फोंड्यात दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं बघतो, बारकोड स्कॅनरसाठी हाच हुक लागतो, तेव्हा कॉलबॅकमध्ये डेटाबेस, फाइल काही म्हणजे काही नको, दाबलेली की फक्त रांगेत टाका, कॉलनेक्स्टहुकएक्स करून (म्हणजे ती पुढच्या हुककडे सोडून) लगेच बाहेर पडा, बाकीचं दुसरा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली दुसरी समांतर कामाची साखळी, करेल. आणि हुक लावणाऱ्या थ्रेडचा मेसेज लूप, म्हणजे विंडोजचे निरोप सतत उचलणारा भाग, चालू पाहिजेच. हे फक्त लो-लेव्हल हुकचं झालं, साध्या ग्लोबल हुकला डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये शिरून चालणारी कोडची फाइल) लागतो आणि ३२ बिटचा डीएलएल ६४ बिट प्रोग्रॅममध्ये शिरत नाही.