वाचकांचे प्रश्न : बॅरलच्या टोकावरची ट्यूब आणि जागा बदलणारा ग्रुप

प्रश्न : मी गेली दोन वर्षे ५० मीटर रायफलचा सराव करतो. अलीकडेच बॅरलच्या टोकावर एक्स्टेन्शन ट्यूब (बॅरल पुढे लांबवणारी पोकळ नळी) बसवून फोरसाइट (नेम धरण्याचा पुढचा भाग) तिच्यावर घेतला. ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, पूर्वीइतकाच लहान येतो, परंतु साफसफाईसाठी ट्यूब काढून पुन्हा बसवली की तो दरवेळी वेगळ्याच जागी पडतो. ट्यूब बॅरलशी अगदी सरळ रेषेत बसत नसेल का? ती नेमकी कशी बसवावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धे निदान आहे. ग्रुप लहान आहे याचा अर्थ बॅरल, काडतुसे आणि तुमचा नेम यांत दोष नाही. ग्रुपची जागा बदलते याचा अर्थ फोरसाइटची जागा बदलते. ट्यूब जरा वाकडी बसली तरी ती दरवेळी तितकीच वाकडी बसत असेल, तर बॅकसाइटचे (डोळ्याजवळच्या मागच्या साइटचे) स्क्रू फिरवून ती चूक एकदाच आणि कायमची भरून काढता येते. जी चूक दरवेळी वेगळी असते ती मात्र कोणत्याही स्क्रूने भरून निघत नाही. म्हणून ट्यूब किती सरळ बसली यापेक्षा ती प्रत्येक वेळी त्याच जागी बसते का, हा प्रश्न मी आधी विचारेन.

ही जागा किती बारकाईने सांभाळावी लागते, ते आकड्यांत पाहू. फोरसाइट आणि बॅकसाइट यांमधील अंतर १ मीटर धरले आणि फोरसाइट ०.१ मिलिमीटर डावीकडे सरकला, तर ५० मीटरवर ग्रुप ५ मिलिमीटर उजवीकडे जातो. त्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि लगतच्या दोन वर्तुळांत ८ मिलिमीटरचे अंतर असते. म्हणजे मधोमध लागून १०.९ मिळवून देणारी गोळी आता १०.३ वर येते. दशांशांनी निकाल लागणाऱ्या अंतिम फेरीत हे नुकसान मोठे आहे. ट्यूब स्वतःभोवती फिरली तर परिणाम याहून तीव्र होतो. फोरसाइट बॅरलच्या मध्यरेषेपासून ३५ मिलिमीटर उंच आहे असे समजा. ट्यूब केवळ एक अंश फिरली तरी तो सुमारे ०.६ मिलिमीटर बाजूला जातो, लक्ष्यावर ३० मिलिमीटरचा फरक पडतो आणि दहाऐवजी सात गुण हाती येतात. एक अंश डोळ्याला दिसतही नाही. तुमच्या रायफलीची ही दोन अंतरे मोजून हाच हिशेब स्वतः एकदा अवश्य करून पाहा, म्हणजे पुढील खटाटोप कशासाठी आहे ते पटेल.

काम सुरू करण्यापूर्वी बोल्ट बाहेर काढावा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतुसे त्या टेबलावरच काय, त्या खोलीतही ठेवू नयेत. रायफल मऊ जबड्यांच्या शिकंजात किंवा भक्कम स्टँडवर अशी धरावी की ती हलणार नाही आणि बॅरलवर दाबही येणार नाही. बॅरलचे टोक आणि ट्यूबची आतली बाजू स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसून घ्यावी. तेलाचा पातळ थर किंवा जळलेल्या दारूचा एखादा कणसुद्धा ट्यूब तिरकी बसवण्यास पुरेसा असतो, आणि साफसफाईनंतरच ग्रुप हलतो असे तुम्ही लिहिता तेव्हा माझा पहिला संशय त्या ठिकाणी राहिलेल्या तेलावर जातो.

नंतर ट्यूब शेवटपर्यंत आत ढकलून, तिच्या आतल्या खांद्याला बॅरल टेकल्याची खात्री करून घ्यावी. खांदा नसेल तर बॅरलवर बारीक खूण करून ट्यूब दरवेळी त्या खुणेपर्यंतच न्यावी. फिरण्याच्या दिशेसाठी संदर्भ हवा तो बॅकसाइट जिथे बसतो त्या रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या भागाच्या) सपाट रेलचा. त्या रेलवर लहान स्पिरिट लेव्हल ठेवून रायफल समतल करावी, तीच लेव्हल मग फोरसाइटच्या बैठकीवर ठेवावी आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत ट्यूब हलक्या हाताने फिरवावी. स्टॉकची कड किंवा खोलीतली खिडकी पाहून अंदाजाने ‘सरळ’ ठरवण्याची सवय पुष्कळांना असते, ती सोडावी. बैठक रेलशी तिरकी राहिली तर बॅकसाइटचा उंचीचा क्लिक दिला असता लागणारी गोळी बाजूलाही सरकते आणि नेमबाज वाऱ्याला दोष देत बसतो.

आता बोल्ट काढलेलाच ठेवून, मागील बाजूला उजेड ठेवून ट्यूबच्या तोंडाकडून आत पाहावे. ट्यूबच्या तोंडाचे मोठे वर्तुळ आणि त्याच्या आत बॅरलच्या तोंडाचे लहान वर्तुळ अशी दोन वर्तुळे दिसतील. लहान वर्तुळ मोठ्याच्या मधोमध दिसले पाहिजे. ट्यूबचा आतला व्यास गोळीच्या ५.६ मिलिमीटर व्यासापेक्षा बराच मोठा असल्याने किंचित फरक चालतो, परंतु वर्तुळ उघडपणे एका बाजूला झुकलेले दिसले तर त्या ट्यूबमधून एकही गोळी झाडू नये. अशा वेळी ट्यूबचे माप बॅरलशी जुळत नाही असे समजून ती बदलून घ्यावी. आत कागद किंवा पत्र्याची पट्टी कोंबून तो फरक भरून काढणे मला अजिबात मान्य नाही.

पकड घेणारे स्क्रू एकदम आवळू नयेत. एक थोडा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला, अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत ते बसवावेत आणि प्रत्येक फेरीनंतर बुडबुडा पाहावा, कारण असमान ताणामुळे ट्यूब नकळत फिरते. शेवटी निर्मात्याने सांगितलेल्या मापाइतका टॉर्क लहान टॉर्क रेंचने द्यावा. ‘अजून थोडे घट्ट’ हा मोह येथे घातक ठरतो, कारण बॅरलच्या तोंडापाशी बाहेरून पडलेला दाब आतल्या मापापर्यंत पोहोचू शकतो आणि गोळीला अखेरची दिशा देणारी जागा नेमकी तीच असते. काम झाल्यावर ट्यूब व बॅरल या दोहोंवर एकसंध जाणारी बारीक रेघ ओढून ठेवावी. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका मुलीची ट्यूब रेल्वेच्या प्रवासात सैल झाली होती. तिने साइटर शॉट्सचा (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या चाचणी गोळ्यांचा) सगळा वेळ बॅकसाइट फिरवण्यात घालवला आणि दोष कुठे आहे ते मालिका संपल्यावर लक्षात आले. त्या रेघेकडे एक नजर टाकली असती तर दहा सेकंदांत कळले असते. मी तिला ती रेघ ओढायला लावली नव्हती, ही चूक माझी होती.

पुढची परीक्षा रेंजवर. वारा शांत असताना, एकाच लॉटच्या काडतुसांनी, टेकूवरून दहा गोळ्यांचा ग्रुप घ्यावा; ट्यूब काढून पुन्हा बसवावी आणि आणखी दहा गोळ्या झाडाव्यात. असे तीनदा करून ग्रुपचे आकार बाजूला ठेवावेत आणि त्यांचे मध्यबिंदू जुळतात का ते पाहावे. जुळले तर ग्रुप मधोमध येईल असा बॅकसाइट लावून निश्चिंत व्हावे. नाही जुळले तर एक साधा उपाय उरतो : ट्यूब दरवेळी काढूच नये. बॅरल मागील बाजूने, रॉड गाइड (साफसफाईचा रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून साफ करता येते. कापडाचा तुकडा ट्यूबच्या तोंडातून पुढे बाहेर काढून घ्यावा आणि रॉड एकटाच सावकाश मागे ओढावा. ट्यूबमध्ये साचणारे मेण व काजळी समोरून मऊ कापडाने पुसता येते, फक्त बॅरलच्या तोंडाच्या कडेला काही टणक लागणार नाही हे पाहावे.

प्रश्न : अमेरिकेतील माझा भाचा त्याच्या शिकारीच्या रायफलीवर मझल ब्रेक बसवतो आणि त्यामुळे धक्का बराच कमी होतो असे सांगतो. माझ्या .२२ रायफलीवर तो बसवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बसवू नये. मझल ब्रेक गोळीमागून येणारा वायू छिद्रांतून बाजूला वळवून धक्का कमी करतो. तुमच्या भाच्याच्या रायफलीत दारूचे प्रमाण मोठे असल्याने तेथे तो उपयोगी पडतो. ती छिद्रे उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना समान राहावीत यासाठी आट्यांवर ब्रेक बसवताना पातळ चकत्या घालून त्याची फिरकी जुळवतात, हे त्याने पाहिले असेल. .२२ च्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की वळवण्याजोगा वायू फारसा उरतच नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलीवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (वायू वर वळवून बॅरलची उसळी दाबणारे उपकरण) या दोहोंना बंदी आहे आणि बॅरलला किंवा एक्स्टेन्शन ट्यूबला छिद्रे पाडण्यासही मनाई आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करून देण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून बॅरलला आटे पाडण्यासारखे काम ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नये.

प्रश्न : दहा मीटर एअर रायफललाही लांब ट्यूब लावता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लावता येते, पण लांबीला मर्यादा आहे. यंत्रणेच्या मागील टोकापासून पुढे दिसणाऱ्या तोंडापर्यंतची (म्हणजे ट्यूबच्या पुढच्या टोकापर्यंतची) एकूण लांबी ८५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, फोरसाइट त्या तोंडाच्या पुढे जाऊ नये आणि रायफलीचे वजन साइट्ससह ५.५ किलोग्रॅमच्या आत असावे. खरेदीपूर्वी टेप लावून मोजून पाहा आणि ट्यूबवर वजने लावणार असाल तर ती लावूनच रायफल काट्यावर ठेवा.