घसरत्या गाडीच्या चित्राचं बटण: चिखलात, घाटात आणि पीबी रोडवर

प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या चाकांवर चालणारी नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, मॅन्युअल गिअर. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडच्या उसाच्या फडात गाडी रुतली, अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन उठेना. कुणीतरी घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण दाबून चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा बंद केली आणि गाडी निघाली. मग ते बटण पावसाळाभर बंदच ठेवावं का? आणि जांबोटीकडून चोर्ला घाटात जाताना त्याच चित्राचा दिवा लुकलुकतो, तो बिघाड आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. लुकलुकणं म्हणजे बिघाड नाही. त्या क्षणी यंत्रणा काम करत असते आणि तुम्हाला सांगत असते की टायरची पकड संपत आली, वेग कमी करा. दिवा एकसारखा पेटून राहिला तर मात्र बिघाड असतो, किंवा यंत्रणा बंद केलेली असते. बंद केल्याचा दिवा बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो आणि त्यावर ‘ऑफ’ लिहिलेलं असतं. आता पहिला प्रश्न: फडात बटण दाबणं बरोबर होतं. पण ते तसंच ठेवून डांबरी रस्त्याला लागणं धोक्याचं आहे. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

एका बटणामागे दोन कामं आहेत. पहिलं ट्रॅक्शन कंट्रोल. गाडी ओढणारं चाक गरगरायला लागलं की ते दोन उपाय करतं. इंजिनाची ताकद कमी करतं आणि फिरत्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावतं. दुसरा उपाय फार कामाचा आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअर) एक चाक मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही. मोकळ्या चाकाला ब्रेक लागला की तो जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो.

दुसरं काम स्टॅबिलिटी कंट्रोलचं. कंपनीप्रमाणे त्याला ईएसपी किंवा ईएससी म्हणतात. चार चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय, हे सगळं ते सतत मोजत असतं. वळणावर गाडी सरळच जायला लागली, म्हणजे पुढची चाकं घसरली, तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून नाक आत ओढतं. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं. एका चाकाला वेगळा ब्रेक लावणं माणसाच्या पायाला शक्यच नाही. ब्रेकचं पेडल एकच असतं.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्हाला कुठे जायचंय, हे यंत्रणा स्टिअरिंगवरून ओळखते. तुम्ही घाबरून गरजेपेक्षा जास्त वळवलंत, तर तीच तुमची इच्छा समजून ती गाडी तिकडे न्यायला बघते. म्हणून गाडी घसरली की नजर आणि स्टिअरिंग दोन्ही रस्ता जिथे जातो तिथेच ठेवायचं. दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे बघायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडायचा. थांबायचंच असेल तर ब्रेक एकदम आणि पूर्ण दाबून धरायचा. पेडल पायाखाली थरथरलं तरी पाय उचलायचा नाही, ते एबीएस आहे, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. आणि बटण बंद असलं तरी एबीएस चालूच असतं.

आता चिखल. आपल्याकडे मातीचे दोन स्वभाव आहेत आणि या बटणाचं उत्तर मातीप्रमाणे बदलतं.

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक पट्ट्यातली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. ती माती खाचांतून बाहेर फेकायला चाक थोडं वेगाने फिरावं लागतं. नेमकं तेव्हाच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिन दाबून टाकतं. तुमची गाडी उठत नव्हती ती यामुळे. ओढणारी दोन्ही चाकं मऊ मातीत असतील तर बटण बंद करणं योग्य.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी माती वेगळी. खाली जांभा दगडाचा किंवा मुरुमाचा घट्ट थर आणि वर साबणासारखा पातळ निसरडा लेप. इथे चाक गरगरवून काही मिळत नाही, फक्त गाडीची शेपूट गटाराकडे सरकते. इथे बटण चालूच ठेवा. शक्य असेल तिथे दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न रखडवता पूर्ण सोडून, अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका. वेग कमीच असू दे, पण मध्ये थांबू नका.

तिसरा प्रसंग पाणंदीतला. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या असतात, एक चाक गटारात किंवा हवेत लटकतं आणि दुसरं घट्ट जमिनीवर असतं. इथे बटण बंद करू नका. लटकत्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडे देण्याचं काम यंत्रणेनेच करायचं आहे. अ‍ॅक्सिलरेटर मध्यम आणि स्थिर धरा, दोन-तीन सेकंद कर्रकर्र आवाज येऊ द्या. बहुतेक जण आवाज ऐकून घाबरून पाय काढतात आणि गाडी पुन्हा मागे बसते.

काळ्या मातीतून गाडी काढताना हा क्रम ठेवा. पहिल्यांदा स्टिअरिंग सरळ करा. वळलेली चाकं चिखल पुढे ढकलत राहतात. ज्या खुणांवरून आत आलात त्याच खुणांवरून मागे निघायचा प्रयत्न आधी करा, ती माती दाबलेली असते. मग बटण बंद करून तीन-चार सेकंदच जोर द्या. निघाली नाही तर पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने घेऊन गाडी थोडी-थोडी झुलवा. चाक गरगरतंय आणि गाडी इंचभरही हलत नाही असं दिसलं की लगेच थांबा. पुढचं प्रत्येक सेकंद फक्त खड्डा खोल करतं आणि एकदा गाडीचं पोट मातीला टेकलं की कुठलंच बटण उपयोगाचं नाही. खाली उतरून चाकांपुढची माती खोऱ्याने काढा, उसाचं पाचट किंवा रिकामी पोती टायरच्या तोंडाशी घट्ट सारा. पोती टाकल्यावर चाकाच्या रेषेत मागेपुढे कुणी उभं राहू नये, ती गोळीसारखी फेकली जातात. जमीन खोलवर मऊ असेल तर ओढणाऱ्या टायरमधली हवा ३३ वरून २२ पीएसआयपर्यंत उतरवल्याने टायर पसरतो आणि फरक पडतो. मात्र हवा परत भरेपर्यंत गाडी अगदी सावकाश न्यायची, म्हणून १२ व्होल्टचा पंप डिकीत असल्याशिवाय हा उपाय करू नका.

क्लचचा वास आला तर १५-२० मिनिटं गाडी सोडून द्या. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकवाल्यांनी तर जास्तच जपावं. त्यांचा क्लच तापला की मीटरवर सूचना येते आणि गाडी जोर देणं बंद करते. ट्रॅक्शन कंट्रोलने फार वेळ ब्रेक लावले की काही गाड्यांत ब्रेक गरम होऊन यंत्रणा थोडा वेळ स्वतःच बाजूला होते. तो बिघाड नव्हे, थंड झाल्यावर परत येते. ट्रॅक्टर मिळत असेल तर तासभर झुंजण्यापेक्षा तो बोलवा. टूलकिटमधला ओढायचा हूक बंपरच्या झाकणामागे पूर्ण आवळून बसवा (काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात) आणि दोर ताणला जात असताना बघ्यांना लांब उभं करा.

बटण दाबण्याचेही दोन प्रकार आहेत आणि इथे गोंधळ होतो. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबून सोडलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोलचा इंजिन दाबण्याचा भाग बंद होतो. तीनेक सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटी कंट्रोलही जातं. चिखलासाठी बहुतेक वेळा पहिलं पुरतं. काही गाड्या बंद केल्यावरही ठरावीक वेगानंतर यंत्रणा आपोआप चालू करतात, काही करत नाहीत. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये याच बटणाच्या पानावर लिहिलेलं असतं, ते एकदा वाचाच. इग्निशन बंद करून परत चालू केलं की बहुतेक सगळ्या गाड्यांत यंत्रणा पुन्हा सुरू होते. म्हणून सवय लावून घ्या: फडातून डांबरीला चाक लागलं की थांबून बटण दाबायचं, ‘ऑफ’चा दिवा गेला का बघायचं, मगच दुसरा गिअर.

डांबरी रस्त्यावर, मग तो पीबी रोड (पुणे-बेंगळुरू महामार्ग) असो, चोर्ला असो की चंदगडवरून आंबोली, बटण बंद करण्याचं एकही कारण नाही. उलट आपल्या भागात ते चालू असण्याची गरज जास्त आहे. वळवाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून जो लेप तयार होतो, तो भर पावसाळ्यातल्या धुतलेल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या फडातून रस्त्यावर येतात तिथे चाकांची काळी माती डांबरावर पसरते. पहाटेच्या दवात ती दिसत नाही, आणि एका बाजूची चाकं मातीवर, दुसऱ्या बाजूची कोरड्या डांबरावर अशी वेळ येते. अशा ठिकाणी जोरात ब्रेक मारला तर गाडी गरकन फिरू शकते. ती फिरू न देणं हेच स्टॅबिलिटी कंट्रोलचं काम.

तवंदी किंवा वंटमुरी घाटात रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे म्हणून वेग वाढतो. तिथे दिवा लुकलुकला तर समजा की यंत्रणेने तुमची चूक झाकली आहे. ६० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ४० च्या सव्वादोन पट असतं, आणि कुठलीही यंत्रणा हे गणित बदलू शकत नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायर पाण्यावर तरंगला तर ब्रेक लावायला खाली रस्ताच उरत नाही, मग सेन्सर कितीही हुशार असोत. कायद्याने टायरच्या खाचेची किमान खोली १.६ मिमी आहे, पण कणकुंबीच्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर विसंबू नका. जूनच्या आधी टायर बदलायला पैसे घालणं हे या बटणाच्या कुठल्याही चर्चेपेक्षा महत्त्वाचं आहे. जोरदार पावसात क्रूझ कंट्रोलही (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावू नका.

खडी आणि सुटा मुरूम टाकलेल्या रस्त्यावर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. तिथे एबीएसमुळे थांबायचं अंतर उलट वाढतं. जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग साचवून थांबतं, एबीएस चाक जाम होऊच देत नाही. त्याबदल्यात स्टिअरिंग हातात राहतं. अंतर मात्र तुम्हीच जास्त सोडायचं.

काही गाड्यांत स्नो, मड, सँड असे पर्याय असतात. नावावर जाऊ नका. स्नोमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ होतो, त्यामुळे तांबड्या निसरड्या चढावर सुरुवात करायला तो उपयोगी पडतो. मड आणि सँडमध्ये चाकाला थोडं जास्त फिरू दिलं जातं, काळ्या मातीसाठी ते बरं, आणि बटण पूर्ण बंद करण्याआधी हेच वापरून बघा. पण गाडी दोनच चाकांवर चालत असेल तर या पर्यायांनी ती चार चाकांची होत नाही. हिल डिसेंट कंट्रोल खडबडीत, तीव्र उतारासाठी आहे. ते ब्रेक वापरून वेग धरतं. घाटातल्या लांब डांबरी उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्या.

शेवटी दिवा पेटूनच राहिला तर काय बघायचं. बॅटरी काढून बसवल्यावर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर मधली जागा विसरतो. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा आणि थोडं अंतर सरळ चालवा, पुष्कळ गाड्यांत एवढ्यावर दिवा जातो. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही किंचित वाकडं राहत असेल तर परत नेऊन सरळ करून घ्या, गरज पडल्यास स्कॅनरने सेन्सर शून्यावर आणायला सांगा. वाकड्या स्टिअरिंगमुळे यंत्रणेला वाटतं की तुम्ही सतत वळताय. एबीएस आणि स्टॅबिलिटी दोन्ही दिवे एकत्र पेटले तर चाकाजवळच्या स्पीड सेन्सरकडे आधी बघा. त्याच्या टोकाशी चिखल बसलेला असतो, वायर पाचटात अडकून ओढली गेलेली असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण झिजलेला टायर, किंवा वेगळ्या मापाचं स्टेपनी, यानेही यंत्रणा गोंधळते. ब्रेक ऑइलची पातळी मात्र सगळ्यात आधी तपासा, त्याला एक मिनिटही लागत नाही.

आणि फडातून आल्यावर गाडी धुताना पाइपचं पाणी चाकांच्या आतल्या बाजूने मारा. रिमच्या आत वाळलेली काळी माती तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी हायवेला ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक बॅलन्सिंगचे पैसे उगाच भरतात.