‘दॅट’ हा ‘तत्’चा मुलगा नाही हो

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत दिसचं दीज होतं ते समजतं, पण दॅटचं दोज कसं काय, आणि जाता जाता, दॅट आपल्या ‘तत्’वरून आलाय हे खरं का.

दुसरा भाग आधी घेतो, कारण हे फॉरवर्ड मला महिन्यातून दोनदा तरी येतं आणि दर वेळी डोकं फिरतं. नाही. दोघं चुलतभाऊ आहेत, बापलेक नाहीत. गॉथिकमध्ये, म्हणजे चौथ्या शतकात वुल्फिलाने ज्या भाषेत बायबल उतरवलं तिच्यात, तो-ती-ते ला ‘स, सो, थत’ म्हणतात आणि संस्कृतात ‘सः, सा, तत्’. अंगावर काटा येतो, मान्य. पण दोघांच्याही आधीच्या भाषेतला त संस्कृतात तसाच राहिला आणि जर्मानिक भाषांत, म्हणजे गॉथिक, इंग्रजी, जर्मन, डॅनिश ह्या घराण्यात, त्याचा थ झाला, इतकंच (जर्मन भाषाशास्त्रज्ञ ग्रिमचा नियम, १८२२. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्कने १८१८ मध्येच हे मांडलं होतं, पण नाव झालं ग्रिमचं). ह्याच मंडळींचं पुढचं फॉरवर्ड असतं की इंग्रजी ‘ही’ म्हणजे आपलंच हा-ही. अहो, आपला हा ‘एषः’ घासत घासत झालाय आणि इंग्रजी ‘ही’मधला ह मुळात क होता, लॅटिनमध्ये तोच ‘किस्’ म्हणजे ‘अलीकडे’ ह्या शब्दात बसलाय. शिवाय आपली ‘ही’ बाई आहे आणि त्यांचा ‘ही’ पुरुष, एवढं तरी बघा की!

खरं साम्य वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही. जुन्या इंग्रजीत ‘से, सेओ, थॅत’ असं होतं, स फक्त कर्त्याच्या पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एकवचनात आणि बाकी सगळीकडे थ, मग लोकांनी कंटाळून तिथेही थ घुसवला आणि ‘से’चा ‘थे’ झाला, तोच आजचा ‘द’. आपल्याकडे सः चं काय झालं? तो! १२९०च्या ज्ञानेश्वरीत ‘जो जें वांछील तो तें लाहो’, तिथे स चा पत्ता नाही. हिंदीने निदान ‘जो… सो’मध्ये जपून ठेवला. एकमेकांची खबर नसताना दोन घराण्यांनी सेम आळशीपणा केला, हे मला ‘संस्कृत जननी’पेक्षा शंभर पट भारी वाटतं.

आता दिस. दिस हा मूळ शब्दच नाही, तो दॅटलाच शेपटी लावून केलाय. पुरावा इंग्रजीच्याच घराण्यातल्या जुन्या डॅनिशमध्ये दिसतो. डेन्मार्कमधल्या येलिंग गावात हाराल्ड ब्लूटूथने (हो, मोबाइलमधल्या ब्लूटूथचं नाव त्याच्यावरूनच) साधारण ९६५च्या सुमारास आईबापांसाठी शिळा उभारली, तिच्यावर ‘कुम्ब्ल थौसी’ म्हणजे ‘ही स्मारकं’ असं कोरलंय. दुसऱ्या कितीतरी शिळांवर ‘स्तैन थन्सी’, म्हणजे ‘हा दगड’, कर्म म्हणून आलेला. ‘थन्’ म्हणजे चक्क संस्कृतातलं ‘तम्’ (त्याला), आणि त्याला चिकटलेली ‘सी’. विभक्ती आधी, शेपटी नंतर, जसं आपण ‘ह्यालाच’ म्हणतो. पुढे लोक विसरले की ही शेपटी आहे आणि विभक्ती तिच्यामागे लावायला लागले, जर्मनमधलं दीझेस (हे), दीझेम (ह्याला) बघा. म्हणजे उद्या आपण ‘ह्यालाच’ सोडून ‘हाचला’ म्हणायला लागलो तर जे होईल ते.

ही ‘सी’ कुठली ह्यावर भांडण आहे. एक पार्टी म्हणते ती त्याच जुन्या स-सर्वनामाचा एक तुकडा. छापील पुस्तकांत हे फार शांतपणे लिहिलेलं असतं, जणू विषय संपला. मला नाही पटत. गॉथिकमध्ये ‘सै’ म्हणजे ‘बघ!’, जुन्या जर्मनमध्ये ‘से’ म्हणजे पण तेच, मग ‘थन्सी’ म्हणजे ‘तो बघ’ का नसावं? पुरावा कमी म्हणणाऱ्यांनी शेजारच्या घरात डोकवावं, लॅटिन ‘एक्के’ म्हणजे ‘हे पाहा’, त्याला सर्वनामं चिकटूनच फ्रेंचचं ‘से’ (हे) आणि इटालियनचं ‘क्वेस्तो’ (हा) झालं, आणि फ्रेंच ‘व्वासी’ तर उघड उघड ‘बघ इथे’. आपण नाही का म्हणत, ‘हा बघ आला’? दगड कोरणारा माणूस समोरच्या दगडाकडे बोट दाखवून ‘हा बघ’ म्हणतोय, ह्यात अशक्य काय आहे! ‘मूळ अनिश्चित’ लिहून मोकळं होणं सोपं असतं.

आणि शेपटी लागतेच, कारण ‘तो’ वापरून वापरून झिजतो, त्याचा नुसता आर्टिकल होतो, मग बोट दाखवायला नवीन काहीतरी जोडावं लागतं. आफ्रिकान्समध्ये ‘हीरडी’ म्हणजे ‘इथे + द’, स्वीडिशमध्ये ‘डेन हॅर’, म्हणजे ‘तो इथे’. आपण ‘तो तिकडचा डबा दे’ म्हणतो तेव्हा हेच करतो, फक्त आपला तो अजून झिजलेला नाही.

हां, दोज राहिलंच. दॅटचं खरं अनेकवचन होतं ‘था’, त्याचं पुढे ‘थो’ झालं आणि मग ते मेलं. दोज आलं ‘थास’वरून, आणि ‘थास’ हे दिसचं जुनं अनेकवचन होतं! दिसला मग दीज नवीन करून घ्यावं लागलं. म्हणजे दीज आणि दोज दोन्ही दिसचीच पोरं, त्यातलं थोरलं दॅटला दत्तक गेलं.