माझ्या नावाचा ईमेल मी पाठवलाच नाही!

प्रश्न : आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटीतल्या सगळ्या सभासदांना माझ्या जीमेल पत्त्यावरून एक ईमेल गेला. गळतीच्या कामात सेक्रेटरींनी ठेकेदाराकडून पैसे खाल्ले, असं त्यात लिहिलंय. मी तो पाठवलेला नाही, माझ्या 'सेंट'मध्येही तो नाही. आता सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत लेखी माफी मागा, नाहीतर बदनामीचा खटला. वाद मिटावा म्हणून माफी लिहून द्यावी का? ईमेलच्या प्रिंटचा फोटो जोडला आहे.

उत्तर : अजिबात देऊ नका. 'चुकून गेला असेल' असंसुद्धा लिहू नका. तोच कागद उद्या कबुली म्हणून तुमच्यापुढे येईल. 'सेंट'मध्ये नाही, हा मुद्दाही लंगडा आहे. पाठवून डिलीट केला, असं समोरचा वकील म्हणणारच.

प्रिंट मात्र पुन्हा बघा. 'फ्रॉम'पुढे तुमचा पत्ता आहे, पण त्याखाली 'रिप्लाय-टू'पुढे भलताच पत्ता छापलाय. म्हणजे उत्तरं तुमच्याकडे येऊच नयेत, अशी सोय कुणीतरी केली होती. हा धागा झाला, पुरावा नव्हे. 'फ्रॉम'मध्ये कुणीही कुणाचाही पत्ता घालू शकतो.

खरा पुरावा सभासदांच्या इनबॉक्समध्ये पडलाय. जीमेल वापरणारा एखादा भरवशाचा शेजारी गाठा. त्यानं कॉम्प्युटरवर तो ईमेल उघडून तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' आणि मग 'डाउनलोड ओरिजिनल' करावं. फॉरवर्ड नको. फॉरवर्ड केला की नवा ईमेल तयार होतो आणि मूळ हेडर, म्हणजे ईमेल कुठून कसा आला याची नोंद, मागेच राहतो. सभासदांना तो डिलीट करू नका, असंही आजच सांगा.

'शो ओरिजिनल'च्या पानावर वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे पाठवणारा खरा की बनावट हे तपासणाऱ्या चाचण्या, यांचे निकाल दिसतात. खाली 'रिसीव्हड'च्या ओळी असतात, त्या खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवत जातो. अगदी खालच्या ओळी पाठवणारा खोट्या घालू शकतो. गूगलच्या सर्व्हरनं ईमेल स्वीकारताना लिहिलेली ओळ मात्र त्याच्या हातात नसते. तिथे गूगलशी संबंध नसलेला सर्व्हर दिसला आणि डीमार्क 'फेल' असेल, तर तुमचा पत्ता फक्त वर चिकटवलाय, हे ठामपणे मांडता येईल.

डीकेआयएम जीमेलच्याच नावानं 'पास' असेल, तर प्रकरण वेगळं. ईमेल तुमच्या खात्यातूनच गेलाय. मग गूगल खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीचे फोटो आधी काढा आणि नंतर पासवर्ड बदला. पण तेव्हाही खातं कुणाच्या हातात होतं, हा प्रश्न उरतोच. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९० प्रमाणे ईमेल कोणी पाठवला याबद्दल न्यायालय काहीही गृहीत धरत नाही. ते सिद्ध करणं सेक्रेटरींच्या माथी आहे. जीमेलच्या वेबसाइटवरून पाठवलेल्या ईमेलच्या हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता सहसा नसतो. तो पोलिसांनाच गूगलकडून मागवावा लागतो. म्हणून उशीर नको. सगळ्या नोंदी कायम राहत नाहीत.

डाउनलोड केलेली फाइल उघडून सेव्ह करत बसू नका. न्यायालयात तिच्यासोबत त्याच साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाची सहीही असते. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जुन्या साक्ष कायद्याखालचं असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. तेव्हा सेक्रेटरी नुसत्या प्रिंटवर विसंबले, तर त्यांची बाजूही कच्ची आहे.

नवी मुंबई सायबर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी केलेली बनावट, भारतीय न्याय संहिता कलम ३३६(४), त्यात नमूद करा. पासवर्ड वापरला गेला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी सुद्धा. १९३० ची हेल्पलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुमचं काम तिथे होणार नाही.

नोटिशीला मुदतीत उत्तर मात्र जायलाच हवं : ईमेल मी पाठवलेला नाही, पोलिसांत तक्रार केली आहे, तुमच्या अशिलांनी त्यांच्याकडचा मूळ ईमेल हेडरसह जपून ठेवावा. सेक्रेटरींवरच्या आरोपाबद्दल त्यात एक अक्षरही नको, तुम्हाला तो खरा वाटत असला तरी.