हाफलिंगची ताकद दोनने कापावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात हाफलिंग या तीन फुटी बुटक्या जमातीच्या पात्राला सहा फुटी माणसाइतकीच स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, घेऊ देणं अवास्तव नाही का? खेळवणाऱ्याने वास्तव सांभाळावं की सगळ्यांना सारखं द्यावं?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर हा खेळ खेळवतो. वीस बाजूंचा फासा आमच्याकडे एकच. तो एकदा कोठ्यात हरवला, तेव्हा चिठ्ठ्या काढून दोन आठवडे भागवलं. माझं मत त्याच सुट्टीत बदललं, म्हणून आधी ते सांगतो.

तेव्हा माझ्याकडे नागपूरच्या मित्राने दिलेलं नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीचं जुनं पुस्तक होतं. त्यात हाफलिंगची स्ट्रेंग्थ दोनने कमी, एका फेरीतली चाल माणसाच्या ३० फुटांऐवजी २० फूट आणि हत्यारंही आकाराने लहान. भाचीने हाफलिंग लढवय्यी घेतली. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. गंमत अशी की तिचा वार माणसापेक्षा जास्त चुकत नव्हता. स्ट्रेंग्थ दोनने घटली की फाशात एक कमी धरतात, पण लहान आकाराला वार करताना एक जास्त मिळतो आणि ताकदीने गेलेला एक तिथेच भरून निघतो. पण माणसाच्या तलवारीला आठ बाजूंचा फासा, तिच्या तलवारीला सहा बाजूंचा. वर ताकदीचा एक कमी. म्हणजे प्रत्येक घावाला सरासरी दोनने कमी इजा. तेही तिने चालवून घेतलं. भांडण झालं ते चालीवरून. खेळातले दरोडेखोर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून पळाले, बाकीचे तिघं मागे धावले आणि ती धानाच्या बांधीतच राहिली. पाऊण तास तिच्या वाट्याला एकच वाक्य : ‘मी धावते.’

‘मामा, मी खेळून राहिली का बघून राहिली?’

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आंबे उतरवायला गेली.

आता तुमच्या वास्तवाकडे येऊ. माणसाची उंची निम्मी केली, बाकी ठेवण तीच ठेवली, तर वजन आठवा हिस्सा उरतं आणि स्नायूंचा आडवा छेद चौथा हिस्सा. ताकद ढोबळमानाने त्या छेदावर चालते. म्हणजे खऱ्या हिशेबाने हाफलिंगची ताकद माणसाच्या चौथाई. २०१४च्या आवृत्तीत स्ट्रेंग्थला १५ने गुणलं की किती पौंड वाहता येतील ते निघतं. १० स्ट्रेंग्थच्या साध्या माणसाला १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. त्याची चौथाई १७ किलो, म्हणजे स्ट्रेंग्थ अडीच! असा लढवय्या कोणी खेळणार नाही, आणि वास्तवाचा आग्रह धरणारा माझ्या पाहण्यातला एकही जण अडीच मागत नाही. सगळे मागतात ते ‘उणे दोन’. ते वास्तव नाही. तो नुसता शकुनाचा सव्वा रुपया आहे, आणि तो बुटक्याच्याच खिशातून जातो.

जुने नियम तर याहून कडक होते. १९७४च्या पहिल्या आवृत्तीत हाफलिंगला लढवय्याच व्हावं लागे, तेही चौथ्या पातळीपर्यंतच. १९७८च्या पुस्तकात हाफलिंग पुरुषाची ताकद जास्तीत जास्त १७ आणि बाईची १४. माझी भाची त्या काळात खेळती तर आंब्यावरून खाली उतरलीच नसती.

मात्र ‘ड्रॅगन उडतो ते चालतं, मग ताकदीचं काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. ड्रॅगन उडत असला तरी विहिरीत पडलेल्याला लागलंच पाहिजे, नाहीतर विहिरीला कोणी भिणार नाही. २०१४च्या नियमात ८ स्ट्रेंग्थचा हाफलिंग १२० पौंड, म्हणजे ५४ किलो वाहतो. त्याचं स्वतःचं वजन १८ किलोच्या आसपास. आमच्या टेबलावरचे दोघं खरीप विकताना धानाचे ४० किलोचे कट्टे स्वतः पाठीवर घेतात. ते हे ऐकून हसले, आणि त्यांचं हसणं बरोबरच होतं. तिथे मी कापतो. हाफलिंगच्या पाठीवर जेवढं मावेल तेवढंच, कट्टा उचलायला दोघं लागतील.

म्हणजे माझा नियम असा पडला की लहानपण जिथे डोळ्यांना दिसतं तिथे त्याची किंमत लावायची. उंच खुंटी, खोल पाणी, जड ओझं. दर फेरीला फाशातून कापत बसायचं नाही. मोठ्या हत्याराबद्दल २०१४चा नियम आकार बघायचा : लहान असाल तर दोनदा फासा टाका, कमी पडेल तो धरा. २०२४च्या आवृत्तीत तो बदलला. आता हातघाईच्या जड हत्याराला स्ट्रेंग्थ १३ लागते, मग तुम्ही तीन फुटांचे असा की सहा. हे मला पटलं. चालही त्यांनी हाफलिंगला सगळ्यांसारखी ३० फूट दिली. शुद्ध वास्तवात ती खोटी आहे, पण तो पाऊण तास आठवला की मी ती डोळे मिटून घेतो.

आणि लहान असण्याचा फायदाही तेवढ्याच प्रामाणिकपणे द्या, हे लोक विसरतात. आमच्या झाडीपट्टीतले कठाणी बैल अंगाने लहानच. पण भाताच्या चिखलात कामाला तेच सोयीचे, धिप्पाड जनावर तिथे रुतून बसतं. गावच्या कबड्डीतही चढाईला हलका पोरगाच पाठवतात आणि भारी गडी साखळी धरतात. वजनगट पाडतात ते दोन संघ एकमेकांवर सोडायचे असतात म्हणून. इथे चौघं एकाच बाजूने खेळतात, त्यात वजनगट कशाला? हाफलिंगला बैलबंडीखाली शिरू द्या, धिप्पाड सोबत्याच्या आड लपू द्या. नियमात तशी सोय आहेच.

भाची परत आली ती तहाच्या अटी घेऊन. नियमानुसार स्वार व्हायचं तर जनावर एक आकार मोठं हवं. म्हणजे माणसाला घोडा लागतो, पण हाफलिंगला मध्यम, म्हणजे माणसाच्याच आकारगटातलं, काहीही चालतं. तिने रानडुक्कर मागितलं. टेबलावरच्या दोघा शेतकऱ्यांनी बंडच केलं, ‘आमचं धान खाणाऱ्यावर बसून हे पोट्टी हिंडणार?’ मी ते दिलं. त्याची किंमत मात्र वसूल करतो. दर मुक्कामाला डुक्कर रात्री एखाद्या बांधीत घुसतं, आणि सकाळी शेतमालक काठी घेऊन आला की बोलणी करायला भाचीलाच पुढे जावं लागतं.