फुकट राबायचं आणि वर बोलणीही खायची?

"मॅडम, पगार नाही, रजा नाही, नोकरी सांभाळून रात्री जागून काम करायचं आणि वर बोलणीही खायची?" ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर हौसेने काम करणाऱ्या इतक्या जणांकडून मी हे ऐकलं आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. कोणी कोड लिहितं, कोणी बग म्हणजे कोडमधल्या चुका शोधतं, कोणी भाषांतर करतं. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं, मध्ये साहेब कोणीच नाही. मतभेद झाला की शब्दाने शब्द वाढतो, आणि एक दिवस कोणीतरी काहीही न सांगता निघून जातं.

नचिकेत (नाव आणि तपशील बदलले आहेत) माझ्याकडे सल्ल्यासाठी आला तो झोप उडाल्यामुळे. एका प्रकल्पातली सेटिंग्जची फाईल त्याने नव्या, सुटसुटीत स्वरूपात आणली होती. सुट्टीचे सगळे दिवस त्यात घातले होते. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, त्याचा पॅच (पाठवलेला बदल) नाकारला. नचिकेतने रात्री दोन वाजता लांबलचक उत्तर लिहिलं, मग इतर लोक उतरले, आणि 'अहंकार', 'मक्तेदारी' असे शब्द येऊ लागले.

"या क्षेत्रात असंच असतं," तो म्हणाला. "लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्ससुद्धा लोकांना फाडफाड बोलायचे. लिनक्सचं काही अडलं का?"

"त्याच टोरवाल्ड्सनी सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली, हे माहीत आहे ना? लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत हवी म्हणून ते काही काळ कामातून बाजूला झाले. असं चालतंच, असं त्यांना स्वतःला वाटत होतं का?"

तो गप्प बसला. मी विचारलं, "मेंटेनरने नेमकं काय लिहिलं होतं?"

"माझं काम कचरा आहे म्हणाले."

"हेच शब्द?"

"शब्द वेगळे. अर्थ तोच."

मी त्याला मूळ उत्तर उघडायला लावलं. दोन वाक्यं होती: 'हे असं घेता येणार नाही. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांचं काय?' दुसरं वाक्य चक्क प्रश्न होता, आणि एवढ्या वादात नचिकेतने त्याचं उत्तरच दिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना पहिलंच वाक्य दिसलं होतं.

पुढे जे घडलं त्यासाठी मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची ऋणी आहे. गेल्या शतकाच्या मध्यालाच त्यांनी एक साधा नियम सुचवला होता: वादात आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि भावना त्याचं समाधान होईल अशा शब्दांत सांगायच्या. वाचायला सोपं वाटतं. करताना भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो.

"त्यांना नवीन काही नकोच असतं," नचिकेतने सुरुवात केली.

"हे ऐकून ते 'हो, हेच म्हणायचं होतं मला' म्हणतील?"

"नाही." बराच वेळ गेला. "त्यांना माझ्यावर विश्वास नाही."

"हे मान्य करतील ते?"

"नाही करणार." तो खुर्चीत मागे टेकला आणि मग सावकाश बोलू लागला. "पॅच घेतला गेला की मी मोकळा. पण वर्षभराने कोणाची जुनी फाईल उघडली नाही, तर तक्रारी त्यांच्याकडे जाणार. माझं काम जिथे संपतं, तिथून त्यांचं सुरू होतं." जरा थांबून म्हणाला, "आणि मॅडम, तेही फुकटच करतात हे."

हे वाक्य त्याचं त्याला सापडलं. मी ते त्याच्या तोंडात घातलं असतं, तर दारापर्यंतही टिकलं नसतं. या पद्धतीवर माझा इतका विश्वास आहे तो अशा क्षणांमुळेच.

त्यातून मला उमगलेलं सांगते. पगारी कामात देणंघेणं महिन्याच्या महिन्याला फिटतं. स्वयंसेवी कामात ते मनातल्या वहीत चढत राहतं: एवढ्या रात्री दिल्या, निदान कदर तरी करा. गंमत अशी की दोघांच्याही वहीत आपली येणी असतात; देणेकरी कोणीच नसतो. वाद फाईलच्या स्वरूपावर चाललेला दिसतो, वसुली मात्र या वहीतली असते.

नचिकेतने नवं उत्तर लिहिलं, ते माझ्यासमोरच. 'जुन्या फाईली बंद पडल्या तर निस्तरावं तुम्हाला लागेल, ही तुमची काळजी मला आधी कळली नव्हती. मी बरोबर समजलोय का? दोन्ही स्वरूपं काही काळ चालू ठेवली तर?' नवं स्वरूप ऐच्छिक म्हणून घेतलं गेलं. पॅचचा बराच भाग मात्र वगळला, आणि तो वगळायला नको होता असं नचिकेतचं मत आजही आहे. असू दे. आदर ठेवायला एकमत लागत नाही.

नुसतं जिंकण्याने काय होतं, तेही पाहा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ मध्ये एक वादग्रस्त प्रस्ताव मंजूर केला. निर्णय त्यांच्या मनासारखा झाला होता, तरी त्या भांडणाने ते इतके थकले की प्रमुखपद सोडलं. पुढे पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ नेमलं गेलं. म्हणून मी प्रत्येक गटाला सांगते, निर्णय कसा घ्यायचा हे भांडण नसतानाच ठरवा. अपाची या संस्थेच्या ओपन सोर्स प्रकल्पांतला नियम मला फार आवडतो: कोडमधल्या बदलाला नकाराधिकार वापरता येतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावंच लागतं; कारण नसेल तर तो नकार ग्राह्य धरत नाहीत. 'मला आवडलं नाही' एवढ्याने कोणाचे कष्ट अडवता येत नाहीत.

रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी पाठवा. लेखी वाद दोन-तीन फेऱ्यांत सुटला नाही, तर फोनवर बोला. मात्र जे ठरलं ते सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा, नाहीतर बाकीच्यांना पाठीमागे खलबतं झाल्यासारखं वाटतं. आणि वेगळं होणं म्हणजे हार नाही. नोड जेएस या ओपन सोर्स प्रकल्पातून २०१४ च्या अखेरीस एक गट फुटून निघाला, वेगळ्या कारभाराने काम करून दाखवलं, आणि २०१५ मध्ये दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले. जाताना शिव्या दिल्या नसतील, तर परतायला जागा राहते.

हे सगळं मतभेदापुरतं. कोणी जातीवरून, लिंगावरून, भाषेवरून हिणवत असेल, धमक्या देत असेल, पाठलाग करत असेल, तर समोरच्याचं म्हणणं समजून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, प्रकल्पाची आचारसंहिता असेल तर ती सांभाळणाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, आणि ती करताना एखादा विश्वासातला सहकारी सोबत घ्या. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या प्रकल्पाचं काम बंद ठेवलं तरी चालेल.