स्कॅन नॉर्मल, मग माणूस असा का वागतोय?

प्रश्न : महिन्यापूर्वी आमचे हे स्कूटरवरून पडले, हेल्मेट होतं तरी डोकं आपटलं, दोनेक मिनिटं शुद्ध नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आता बारीकसारीक गोष्टींवर चिडतात, टीव्हीचा आवाज सहन होत नाही, साधे शब्द आठवत नाहीत, आणि परवा शेजारीच दूध करपलं तरी वास आला नाही. सासूबाई म्हणतात कामाचा कंटाळा आलाय. खरं काय?
- एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, कंटाळा नाहीये हा, डोक्याला बसलेल्या माराचा परिणाम आहे, सासूबाईंना हे वाचूनच दाखवा. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं, पण हिसका बसून मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींचं काम काही दिवस बिघडतं ते त्यात दिसत नाही.

वासाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण पेशंट स्वतः एवढंच म्हणतो की जेवणाला चव नाही. वासाच्या नसांचे धागे नाकाच्या वरच्या भोकाभोकांच्या पातळ हाडातून जातात, डोकं आपटलं की तिथे दुखावतात. डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीशी कॉफी धरून बघा. वास परत यायला महिने लागतात, काहींचा पूर्ण येतही नाही, आणि तोवर गॅस लीक झाला तर त्यांना कळणार नाही, म्हणून रेग्युलेटर रात्री तुम्हीच बंद करा.

कुशीवर वळताना गरगरतं का तेही विचारा. बरेचदा कानाच्या आतले, तोल सांभाळणारे बारीक कण सरकलेले असतात, ते डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून डॉक्टर जागेवर आणतात, उगाच महिनोन्‌महिने गोळ्या खात बसू नये.

बहुतेकांना तीन महिन्यांच्या आत बरं वाटतं, पण महिना होऊनही एवढा त्रास आहे तर न्यूरोलॉजिस्टना दाखवाच. अंधाऱ्या खोलीत पडून राहणं पहिले एक-दोन दिवस ठीक, नंतर त्याने उलट त्रास रेंगाळतो. रोज चालायला न्या, डोकं थोडं दुखलं तर चालेल, खूप वाढलं तर थांबायचं, ऑफिस आधी अर्धा दिवस. दारू नको, रोज पेनकिलर नको (त्यानेच डोकं दुखायला लागतं), आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर नको.

डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या, झापड, फिट, एका बाजूचा हातपाय जड, असं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा आणि पुन्हा स्कॅनचं विचारा. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पडल्यावर कित्येक आठवड्यांनीही आत रक्त साठलेलं निघतं.